खाप्याच्या कोंबड्या, वाडीचं एक्स्चेंज

सुमन मेश्राम. वय अडुसष्ट. नागपूरला लागून असलेल्या वाडीत, ट्रकांच्या गोदामांमागच्या तिसऱ्या गल्लीत राहतात. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली बरीचशी एक्स्चेंजमधल्या बोर्डासमोर, कानाला हेडफोन लावून, आणि शेवटची इंटरनेटच्या तक्रारी घेण्यात. माझ्या घरमालकीण. मी त्यांना काकू म्हणते.

नाव सगळ्यात आधी लिहून टाकलं, कारण मला माझी खोड माहीत आहे. एकदा सांगायला बसले की 'मी केलं, मी सोडवलं' असं सुरू होतं आणि काकूंची पाळी यायच्या आत पान संपतं.

आता मी. या अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणून फोन आला तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं. ते सांगायला मी दोन दिवस घेतले. नववी, आणि तीही अर्धी. माझं गाव साताऱ्याकडं, माण तालुक्यात. आठवीपर्यंत शाळा गावात होती, नववीची लांब होती, आणि माझ्याबरोबर चालत जाणारी दुसरी पोरगी लग्न होऊन गेली. वडील म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ. पुढं माझंही लग्न झालं. नवरा ट्रकवर. ट्रकचा मुक्काम वाडीला, म्हणून बायकोचाही मुक्काम वाडीला. महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावर, आणि मी साडेसातशे किलोमीटरवर, जिथं माझ्या ओळखीची फक्त स्टोव्हची पिन होती.

नागपुरातही मराठीच बोलतात असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी घरमालकिणीनं दारातून विचारलं, "काहून वं, जेवून राहिली का?" मी म्हटलं, जेवून कुठं जाणार, इथंच राहणार, भाडं दिलंय. त्या हसत बसल्या; इकडं 'जेवून राहिली' म्हणजे 'जेवते आहेस'. ती आमची ओळख.

पुढं गोपालशेठच्या दुकानात फोन उचलायला लागले. दुकान कॅमेरे आणि राउटरचं, आणि आता 'स्मार्ट' ज्याच्या आधी लिहिता येईल त्या प्रत्येक वस्तूचं. मला घेतलं ते माझं 'हो साहेब' फार गोड होतं म्हणून. तीन वर्षं 'हो साहेब' म्हणता म्हणता आतलं काम समजायला लागलं. वायरी ओढणारे लोक दुपारी जेवायला जायचे, गिऱ्हाइकाला दुपारीच घाई असायची, आणि दुकानात मीच असायची. शिक्षण म्हणाल तर हे असं झालं.

आमचा धंदा सोप्या शब्दांत सांगते. माणूस घरात नसताना त्याला घरात असल्यासारखं वाटवून देणं. घरात असतो तेव्हा तो टीव्ही बघतो. बाहेर गेला की त्याला घर बघायचं असतं. कॅमेरा, गेट, पाण्याची मोटर, दिवे, सगळं मोबाइलवर. आम्ही त्याला 'रिमोट' म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याला 'मॅडम, जरा बघा ना' म्हणतं.

मनीषनगरला एक निवृत्त साहेब होते. त्यांनी एक कॅमेरा मुद्दाम दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर लावून घेतला आणि मुलाकडं परदेशी गेले. तिथं त्यांना करमत नव्हतं, म्हणून ते दिवसभर नागपुरातल्या चपला बघायचे.

"मॅडम, समोरच्या फ्लॅटवाल्याची चप्पल आमच्या रॅकवर आहे. काळी. तिसऱ्या खणात."

"हो साहेब, दिसतेय."

"मग काही करा ना तुम्ही."

"साहेब, इथून चप्पल हलवायची सोय अजून आलेली नाही."

 त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "साधारण केव्हापर्यंत येईल?"

दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मोबाइलवर उघडणारं कुलूप बसवून घेतलं. बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची त्यांना आईची शिस्त. पहिल्याच दिवशी पंखा, दिवे, गिझर आणि राउटर असं सगळं बंद करून, दार ओढून बाजारात गेल्या. परत आल्यावर जिन्यात बसून मला फोन. "दार उघडा." मी म्हटलं, ताई, राउटर बंद केलात, कुलपाला ऐकू कसं जाणार? तर म्हणाल्या, "मग स्मार्ट काहून म्हणता त्याले?" त्यांचं बरोबर होतं. 

हे आता हसून लिहिते. तेव्हा प्रत्येक फोनची भीती वाटायची. मी गॅस बंद केला का बघायला तीनदा परत येणारी बाई आहे. नववी सोडलेल्या बाईचा फोन उचलताना समोरच्याला नववी ऐकू येत असेल असं वाटायचं. रोज संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर जाऊन दिवसभरातलं सगळं ओकून टाकायची. काकू तूर निवडत ऐकायच्या. त्यांनी आयुष्यभर ऐकायचंच काम केलेलं.

"घाबरून राहिली काहून इतकी?" त्या म्हणायच्या. "मशीनचा असो का माणसाचा, नंबर म्हणजे नंबर. कोण कोणाले फोन लावून राहिलं, तेवढं ध्यानात ठेव. बाकी सारा दिखावा आहे."

मी तेवढंच ध्यानात ठेवलं, आणि नेमक्या कामाच्या दिवशी विसरले.

त्या कामाचं गिऱ्हाईक विजयभाऊ. राहायला मनीषनगर, आणि खाप्याच्या पुढं कन्हान नदीच्या काठाजवळ त्यांची कोंबड्यांची शेड. उघडी शेड नव्हे. बाजू पूर्ण बंद, एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे. आख्खी शेड म्हणजे एक मोठा कूलर, आणि त्या कूलरच्या पोटात चार हजार कोंबड्या. मे महिन्यात पंखे अर्धा तास बंद पडले तर सगळा कारभार आटोपला. तिथं ना केबल पोचलेली, ना मोबाइलला धड रेंज. म्हणून विजयभाऊंनी नवंकोरं उपग्रहाचं इंटरनेट घेतलं. आभाळाकडं तोंड करून बसलेली एक पांढरी छत्री. आमच्या दुकानाची ती पहिलीच छत्री.

"मॅडम, मले खाप्याले जायचंच नाही," विजयभाऊ म्हणाले. "मले सोफ्यावर बसून कोंबडी पाहाची आहे. पंखा सोफ्यावरून चालू, सोफ्यावरून बंद."

"शेडवर माणूस नाही का?"

"आहे ना, सुखदेव. चोवीस तास आहे. पण माणसाचा का भरवसा?"

दोन अटी घातल्या. एक, कॅमेऱ्याचं चित्र कंपनीच्या कॉम्प्युटरमधून जायला नको. "माझ्या कोंबड्या मी कंपनीले काहून दाखवू?" असं कोणत्या तरी ग्रुपवर वाचलं होतं त्यांनी. दुसरी अट, सुखदेवला वायफायचा पासवर्ड द्यायचा नाही. "दिवसभर रील पाहात बसन."

गोपालशेठनं हे काम मला एकटीला दिलं. वायरी ओढणारे दोघं सुट्टीवर होते हे एक कारण, आणि दुसरं त्यांनी तोंडावरच सांगितलं. "रेखा, ये तेरा इम्तिहान है. हुआ तो आगे का सब साइट तेरा. बिगड़ा तो मैं किसी पढ़े-लिखे को बिठा दूँगा." शेठ वाईट नाहीत. ते खरं बोलतात, तेच जास्त लागतं. खोलीचं भाडं माझ्या पगारातून जात होतं. पगार गेला असता तर मी गावी, आणि ट्रक इकडं. एवढं सरळ होतं ते.

मी जाऊन सगळं लावलं. सहा कॅमेरे, पंख्यांचा कंट्रोलर, राउटर. कंपनीचा मार्ग बंद करायचा म्हटल्यावर जुनी पद्धत उरते. तारेच्या इंटरनेटवर घराला स्वतःचा एक नंबर असतो. राउटरमध्ये आपण एक छोटं दार उघडून ठेवतो. बाहेरून मोबाइलनं तो नंबर लावला की त्या दारातून थेट कॅमेऱ्याजवळ. वाडीतल्या कितीतरी गोदामांना मी असं दार उघडून दिलं होतं. इथंही दिलं. मग विजयभाऊंचा मोबाइल मागून घेतला, शेडपासून वीस पावलांवर बाभळीखाली उभी राहिले आणि लावून बघितलं. सहाच्या सहा चित्रं लख्ख. पंखा बंद केला, बंद झाला. चालू केला, चालू. विजयभाऊंनी टाळी वाजवली. तीनदा बघितलं मी. गॅससारखंच. त्यांनी मला टरबूज खायला घातलं.

जाणकार वाचक इथंच हसले असतील. हसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. विजयभाऊ शेडवरून परस्पर साळीच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, रायपूरला गेलेले; पाहुण्यांच्या गडबडीत शेड बघायला मोबाइल आजच उघडला होता. फोन आला, मागं बँड.

"मॅडम! काळं दिसून राहिलं सारं!"

"भाऊ, छत्रीच्या कंपनीचं ॲप उघडा. काय दिसतंय?"

"छत्री हिरवी आहे! छत्री एकदम मजेत आहे! कोंबड्या काळ्या आहेत!"

"सुखदेवला फोन लावला?"

"रेंज कुठं आहे तिथं, मॅडम!"

"मग व्हॉट्सॲपवर..."

  पासवर्ड कोणी कोणाला दिला नव्हता ते दोघांनाही आठवलं. आभाळातून थेट शेडमध्ये इंटरनेट पडत होतं, आणि शेडमधल्या एकुलत्या एक माणसाला तेवढं सोडून सगळं दिलेलं होतं. बाहेर पारा शेहेचाळीस.

"त्या भागात सकाळपासून विजेची लाइन गेली आहे म्हणते," विजयभाऊ म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "पंखे चालू आहेत का बंद, तेवढं सांगा ना. मॅडम, तेवढंच सांगा."

छत्री आणि राउटरला मी छोटा इन्व्हर्टर लावला होता, पंख्यांना नाही; छत्री हिरवी म्हणून पंखे चालू असं सांगता येईना.

शेठ काउंटरवरून ऐकत होते. "एक भी मुर्गी मरी ना रेखा," एवढं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

मी दुकानाच्या मागं जाऊन काकूंना फोन लावला. बोलताना दात वाजत होते, शेहेचाळीस डिग्रीत.

"रडू नोको. मले सांग, तू लावून पाह्यलं तेव्हा कुठं उभी होती?"

"शेडजवळ, काकू. बाभळीखाली."

"कोणाचा मोबाइल?"

"विजयभाऊंचा."

"त्याले वायफाय कोणाचं होतं?"

"शेडचंच." 

"आतून आत फोन लावला आन् म्हणते लाइन चालू आहे!" काकू म्हणाल्या. "अवं, ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाले इंटरकॉम लावला, तर बाहेरून कोणाचा फोन येते का नाही ते कसं समजन?"

मग त्यांनी मला छत्रीचंही सांगितलं, तूर निवडताना सांगतात तितक्याच शांतपणे. छत्रीच्या कंपनीकडं गिऱ्हाइकं फार आणि नंबर थोडे. म्हणून शेकडो घरांना मिळून बाहेर एकच नंबर. जुन्या ऑफिसात असायचं तसं. बाहेर एक मोठा नंबर, आत शंभर टेबलं. टेबलावरून बाहेर कुठंही फोन लावता येतो. बाहेरच्यानं नंबर फिरवला तर तो मोठ्या नंबरापर्यंत पोचतो, आणि शंभरातलं टेबल कोणतं ते सांगायला तिथं कोणी बसलेलं नाही. मी राउटरमध्ये दार उघडलं होतं खरं. पण ते दार म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीतल्या एका घराचं दार. सोसायटीचं फाटक बंद, आणि त्याची किल्ली कंपनीकडं.

"मग आता?"

"आता जाशीन तिथं. आन् मी येते."

"काकू, ह्या उन्हात?"

"तुह्ये हात थरथरून राहिले, मले इथून ऐकू येते. गाडी कोण चालवन?"

गाडी मीच चालवली, पण मागं त्या होत्या म्हणून चालवता आली. दोघींच्या तोंडाला दुपट्टे, लू लागू नये म्हणून दोघींच्या पदरात कांदा, माझ्या पाठीवर दुकानाचा लॅपटॉप. सावनेरच्या रस्त्याला डांबर चाकाला चिकटत होतं. सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर चार हजार कोंबड्या आडव्या. मी मनातल्या मनात गावी जायची पिशवीसुद्धा भरली. काकू मधूनच खांद्यावर थापटायच्या आणि म्हणायच्या, "समोर पाह्य."

शेडजवळ पोचलो तर लांबूनच घरघर ऐकू आली. जनरेटर. पंखे नुसते भणाणत होते. सुखदेव पन्नाशीचा माणूस, कमरेला ओला पंचा, पॅडांवर पाइपनं पाणी मारत होता. आमच्याकडं बघून त्यानं आधी पाण्याची बाटली पुढं केली.

"लाइन गेली होती ना?" मी विचारलं. 

"गेली ना. साडेदहाले. जनरेटर लावला मी लगेच."

"कोंबड्या?"

"कोंबड्यांले का झालं? खाऊन राहिल्या."

 काकूंनी विचारलं, "काहून गा सुखदेव, मालकाले कळवलं नाही?"

"कशावरून कळवू, बाई? रेंज नाही, आन् ते वायफाय मले नाही." मग त्यानं वरच्या कॅमेऱ्याकडं बोट केलं आणि आवाज खाली केला. "आन् भाऊ तर पाहूनच राहिले असतील ना. तीन दिवस झाले, दुपारची झोप नाही घेतली मी. सारखा उभा आहे."

तीन दिवस त्या बिचाऱ्यानं काळ्या पडद्यासमोर शिस्त पाळली होती. आमच्या धंद्यात याहून चांगला निकाल कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

म्हणजे कोंबड्यांना काहीच धोका नव्हता. ज्या माणसाचा भरवसा नव्हता त्यानं त्यांना सांभाळलं होतं. पण विजयभाऊंना ते दिसल्याशिवाय माझं काम झालं नव्हतं, आणि कसं दाखवायचं ते मला अजून कळलेलं नव्हतं. शेडचं वायफाय लॅपटॉपला जोडलं, विजयभाऊंना व्हॉट्सॲपवर कळवलं की कोंबड्या ठीक आहेत. त्यांचं उत्तर आलं, "फोटो नको मॅडम, फोटो कालचाही असू शकते. लाइव्ह."

काकू खाद्याच्या पालथ्या घातलेल्या टबावर बसल्या होत्या. चेहरा लालबुंद.

"तू आता त्याले मेसेज केला," त्या म्हणाल्या. "इथून बाहेर गेला ना?"

"गेला."

"बाहेरून आत येत नाही."

"नाही."

"मंग ज्याले फोन लावता येते, त्यालेच लावू दे ना."

"कोणाला लावायचा?"

"तुमच्या दुकानाले. दुकानाचा नंबर पक्का आहे म्हणत होती ना तू, त्या गोदामवाल्यांसाठी घेतलेला? शेडनं दुकानाले फोन लावाचा आन् ठेवाचाच नाही. विजयनं रायपुरातून दुकानाले फोन लावाचा. दुकानानं दोघांच्या वायरी जोडून द्यायच्या. आम्ही ट्रंक कॉलले दुसरं का करत होतो? भंडाऱ्याचा माणूस बोर्डाले, मुंबईचा माणूस बोर्डाले. त्या दोघांची भेट बोर्डावर."

 दोन टोकं दुकानाशी अशी जोडायचं काम मला येत होतं. गोदामांच्या ऑफिसांना मी ते कितीदा करून दिलं होतं. एवढंच, की ते इथं लागतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडं हात होते. कोणी कोणाला फोन लावायचा, ते काकूंकडं होतं.

पाऊण तास लागला. शेडच्या राउटरला दुकानाचा नंबर दिला, त्यानं लावला, दुकानानं उचलला. मग विजयभाऊंना व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइलमध्ये काय काय दाबायचं ते सांगायला लागले. मागं बँड, मध्येच कोणीतरी त्यांना पेढा भरवतंय.

"भाऊ, वायफाय बंद करा आधी. हॉलचं वायफाय बंद."

"बंद केलं."

"आता मी पाठवलेलं ते उघडा. चालूचं बटण."

"हिरवं झालं. अरे... अरे यार! दिसली! कोंबडी दिसली!" रायपूरच्या त्या हॉलमध्ये पाच-सहा पाहुणे त्यांच्या खांद्यावरून कोंबड्या बघायला वाकले. नवरीमुलीकडं कोणी बघत होतं की नाही कोण जाणे. पुढच्याच क्षणी विजयभाऊंचा आवाज बदलला. "हा सुखदेव बसून राहिला काहून?"

सुखदेव पाच मिनिटांपूर्वीच भाकरी घेऊन बसला होता. तो ताडकन उठला.

"भाऊ, त्यांनीच जनरेटर लावला," मी म्हटलं. "त्यांना पासवर्ड द्या. आज तुमच्याकडं सगळं होतं, आणि विचारायला माणूस नव्हता." हे बोलायचं धाडस मला कुठून आलं माहीत नाही. बहुतेक नोकरी वाचली होती म्हणून.

"देऊन टाका, देऊन टाका," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही तर कमाल केली. मी शेठले सांगतो. पण हे सुचलं कसं तुम्हाले?"

मी म्हटलं, "अनुभवानं, भाऊ."

मोबाइल थोडा हलला असावा. "आन् ह्या बाई कोण, मागं बसलेल्या?"

काकू तिथंच होत्या, चार हातांवर. डोक्यावर ओला दुपट्टा, मांडीवर माझा चार्जर धरून. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचा धंदाच तो.

मी म्हटलं, "माझ्या घरमालकीण. सोबत आल्या आहेत."

असं का म्हटलं, याची मी पुष्कळ कारणं काढून ठेवली आहेत. शेठ म्हणाले असते, घरमालकिणीला विचारून काम करतेस तर तुला कशाला ठेवू. विजयभाऊ म्हणाले असते, मॅडमला येतच नाही. नववी बाहेर पडली असती. सगळी कारणं खरी आहेत, आणि एकानंही काम भागत नाही.  काकूंनी चार्जर माझ्या हातात दिला आणि सुखदेवला म्हणाल्या, "भाकर खा गा आता, झालं पाहून त्याचं."

परत येताना त्या बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. घरी आल्यावर कळलं, उन्हाची लू लागली होती. तीन दिवस ताप. मी कैरी भाजून पन्हं करत होते, कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि दुकानात माझं कौतुक चाललेलं होतं. शेठनं समोसे मागवले. माझ्या नावाची कार्डं छापली, त्यावर 'टेक्निकल हेड'. ते कार्ड दाखवायची माझी छाती झाली नाही. पण चौथ्या दिवशी काकूंना त्यांच्याच उशीखाली ते सापडलंच, कारण पट्टी बदलताना घाबरून मीच ते तिथं सारलं होतं आणि विसरले होते.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "छान छापलं."

"काकू, मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"घेतलं असतं तर का झालं असतं? शेठनं मले नोकरीवर ठेवलं असतं?" त्या हसल्या. मग भिंतीकडं बघत म्हणाल्या, "बत्तीस वर्षं नोकरी केली, वं. दोन्हीकडचे लोकं एकमेकांले हॅलो म्हणत. मधातल्या बाईले कोणी म्हटलं नाही. मले त्याची सवय आहे." आणि पुढं म्हणाल्या, "पण 'सोबत आल्या' नोको म्हणू. सोबतीले म्हातारी बाई देवळात नेतात."

त्यानंतर आभाळाकडं बघणाऱ्या पुष्कळ छत्र्या लावल्या मी. उमरेडकडं, काटोलकडं, जंगलातल्या रिसॉर्टांना. दुकानातल्या नव्या, शिकलेल्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. काम झालं की मोबाइलचं वायफाय बंद करा, फाटकाबाहेर रस्त्यावर जा, आणि मग लावून बघा. मुलं वहीत लिहून घेतात. कोणी विचारलं, मॅडम हे कुठं शिकलात, तर मी अजून तेच सांगते. अनुभवानं. गिऱ्हाइकांसमोर शेठ म्हणतात, "रेखा का दिमाग देखो, नववी फेल है!" आणि मी हसते. नववी बाहेर पडली, माझं काही वाकडं झालं नाही. म्हणजे लपवायचं कारणही गेलं, आणि तोंड अजून उघडलेलं नाही.

इथं लिहिलं, त्यात फार शौर्य नाही. शेठ मराठी वाचत नाहीत, आणि विजयभाऊ कोंबड्यांशिवाय काही बघत नाहीत. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच लिहायला हो म्हटलं.

पण काकू, तुम्ही हे वाचणार. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता. तर तुम्हाला लिहून देते. एक दिवस मी गोपालशेठना आपल्या गल्लीत आणीन, तुमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवीन आणि तुमच्यासमोर, त्यांना कळेल अशा हिंदीत सांगीन की खाप्याचं काम ह्या बाईंचं. आधी मी 'हो साहेब'वरच अडकेन, तुम्ही मधे पडून मला सोडवायला बघाल. त्या दिवशी सोडवू नका. मला पूर्ण बोलू द्या.